बिअरला डेटॉलचा वास येतो, आता काय बदलू?

डॅलसजवळ राहणाऱ्या एका मराठी मुलाने विचारलं आहे. त्याने जानेवारीत पाच गॅलनचा, म्हणजे साधारण १९ लिटरचा, पेल एलचा (फिक्या रंगाच्या बिअरचा) एक्स्ट्रॅक्ट किट, म्हणजे मॉल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या बार्लीच्या) तयार अर्काचा संच, केला. सुरुवातीची ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेत घनता (साखर जितकी जास्त तितका आकडा मोठा), १.०५० होती. मोठं पातेलं नव्हतं, म्हणून दहा लिटर वर्ट (आंबवण्याआधीचं गोड पाणी) उकळलं आणि उरलेलं पाणी थेट नळाचं, गार, वरून ओतलं. फर्मेंटर, म्हणजे आंबवायचं भांडं, गॅरेजमध्ये ठेवला. सहाव्या दिवशी एअरलॉकचे (गॅस बाहेर सोडणाऱ्या पाण्याच्या झडपेचे) बुडबुडे थांबले. आठव्या दिवशी किटमधली पाच औंस साखर घालून बाटल्या भरल्या आणि त्या घरात कपाटात ठेवल्या. भरताना घोटभर चाखली, तेव्हा ‘किंचित औषधी’ लागली होती. तीन आठवड्यांनी बाटली उघडली तर फेस टेबलभर, वास हिरव्या सफरचंदाचा आणि गिळल्यावर घशात डेटॉल. सगळ्या बाटल्या सारख्याच. आता रेसिपी बदलू की यीस्ट?

दोन्ही बदलू नका. आणि पुढचं वाचण्याआधी उठून त्या बाटल्या फ्रीजमध्ये ठेवा. फेस उसळणाऱ्या बाटल्या गरम कपाटात ठेवणं धोक्याचं आहे, त्या फुटतात. हलवताना जाड हातमोजे आणि डोळ्यांवर गॉगल हवा. हसू नका, काच पंख्यापर्यंत उडालेली मी पाहिली आहे.

मी विस्कॉन्सिनमध्ये पंधरा-सोळा वर्षं घरी बिअर करतो आणि स्पर्धांमध्ये इतरांच्या बिअरवर शेरेही लिहितो. बिघडलेली बिअर हाती आली की बहुतेक जण आधी विचारतात, ‘हा वास कशाचा?’ मग इंटरनेटवरचा तक्ता उघडतात. तक्त्यात एका वासासमोर पाच-पाच कारणं असतात, त्यातलं सगळ्यात सोयीचं उचलतात. मी आधी विचारतो, ‘हा वास कधी आला?’ उकळताना, फर्मेंटरमध्ये असताना, की बाटलीत गेल्यावर? वेळ कळली की निम्मे संशयित आपोआप सुटतात.

हे मी फार महागात शिकलो. माझ्या बिअरला एकदा लवंगेसारखा, धुरकट, औषधी वास यायला लागला. मी पाण्याला दोष दिला. फिल्टर बसवला, विकतचं पाणी आणलं, यीस्ट बदललं. सहा महिने गेले. शेवटी एका खेपेची अर्धी बिअर केगमध्ये (धातूच्या पिंपात) भरली आणि अर्धी बाटल्यांत. केग स्वच्छ निघाला, बाटल्या लवंगी! म्हणजे वर्ट ठीक, पाणी ठीक, यीस्टही ठीक. केग आणि बाटल्या यांत फरक एकच होता, बॉटलिंगच्या बादलीचा प्लॅस्टिकचा नळ. तो मी बाहेरून धूत होतो. उघडून दोन भाग केले तर आत तपकिरी साय. रानटी यीस्टने तिथे सुखाने संसार मांडला होता. नळ तीन डॉलरचा होता. तेव्हापासून कुठलाही बिघाड कळला नाही की मी खेप दोन भागांत विभागतो आणि एकाच भागात एकच गोष्ट बदलतो.

आता तुमच्या बिअरकडे वळू. तुम्ही स्वतःच सगळ्यात मोठा धागा दिला आहे. भरतानाच ती औषधी लागत होती. म्हणजे डेटॉलचा दोष बाटल्यांमधला नाही, तो आधीच आत होता. सगळ्या बाटल्या सारख्या, हेही तेच सांगतं. घाणेरड्या बाटल्यांमुळे बिघडलं असतं तर दहातल्या दोन-तीन बिघडल्या असत्या, सगळ्या नाही.

डेटॉल हा शब्द तुम्ही सहज वापरलात, पण तो फार नेमका आहे. डेटॉलमधलं औषधी द्रव्य, क्लोरोझायलेनॉल, हे क्लोरीन लागलेलं फिनॉलच (औषधी वासाच्या रसायनांचं कूळ) आहे. बिअरमध्ये तसंच काहीसं होतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन किंवा क्लोरामिन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) मॉल्टमधल्या आणि यीस्टने तयार केलेल्या फिनॉलशी जुळतं आणि क्लोरोफिनॉल बनतात. माणसाच्या नाकाला ती इतक्या कमी प्रमाणात कळतात की १९ लिटरचा सत्यानाश व्हायला चिमूटभरही लागत नाही. उकळलेल्या पाण्यातलं क्लोरीन उडून जातं. क्लोरामिन मात्र चिवट असतं, रात्रभर पाणी उघडं ठेवूनही ते हटत नाही. अमेरिकेतली बरीच शहरं आता क्लोरामिनच वापरतात. तुमच्या पाणीपुरवठा खात्याला दर वर्षी १ जुलैपर्यंत पाण्याच्या गुणवत्तेचा अहवाल द्यावा लागतो. तो उघडून बघा, त्यात काय वापरतात ते लिहिलेलं असतं. तुम्ही तर नऊ-दहा लिटर नळाचं पाणी न उकळता थेट ओतलंत.

पण थांबा, इथे अजून एक संशयित आहे आणि त्याला सोडून चालणार नाही. रानटी यीस्टही फिनॉल बनवतं, आणि जी साखर आपलं यीस्ट सोडून देतं तीही खाऊन फेस उसळवतं. म्हणजे औषधी वास आणि फेस, दोन्हींचा जबाब एकाच आरोपीकडून मिळतो. दोघांतला फरक कसा ओळखायचा? एक थंड बाटली उघडा, बिअर दोन पेल्यांमध्ये वर-खाली ओतून गॅस पूर्ण काढा, खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि हायड्रोमीटर (ग्रॅव्हिटी मोजायची तरंगती काचेची नळी) लावा. ग्रॅव्हिटी १.०१० ते १.०१३ च्या आसपास असेल तर तुमचं यीस्ट जिथे थांबायला हवं तिथेच थांबलं आहे, फक्त उशिरा. ती १.००५ च्याही खाली गेली असेल तर रानटी पाहुणे आहेत. दुसरी खूण वासाची. रानटी यीस्टचा वास लवंग, मिरी, धूर यांच्याकडे झुकतो, क्लोरोफिनॉलचा वास बँडेज, प्लॅस्टिक, दवाखान्याच्या फरशीकडे. तिसरी खूण काळाची. क्लोरोफिनॉल पहिल्या दिवशी जेवढं होतं तेवढंच महिन्यानंतरही असतं. जिवंत कारण असेल तर गरम जागेत ठेवलेल्या बाटल्यांमध्ये वास आणि फेस दोन्ही आठवड्यागणिक वाढत जातात. (हे मुद्दाम गरम जागेत ठेवून तपासू नका. आठवणीवरूनच सांगा, पहिल्या आणि शेवटच्या बाटलीत फरक होता का?)

माझी पैज क्लोरामिनवर आहे, कारण फेसाचा आणि सफरचंदाचा उलगडा मला दुसरीकडे दिसतो, तुमच्या गॅरेजमध्ये.

हिरव्या सफरचंदाचा वास असिटाल्डिहाइडचा. यीस्ट साखरेपासून अल्कोहोल बनवतं, त्या वाटेवरचं हे शेवटच्या आधीचं स्टेशन. आंबवण्याच्या भरात ते बाहेर सांडतं आणि शेवटी शेवटी यीस्टच ते परत आत घेऊन पुढे अल्कोहोल करतं. यीस्टला हे आवरायला वेळ मिळाला नाही की वास मागे राहतो. जानेवारीतलं टेक्सासमधलं गॅरेज म्हणजे दुपारी वीस अंश आणि पहाटे आठ-दहा. एलचं यीस्ट असल्या थंडीत काम टाकून तळाशी जाऊन बसतं. सहाव्या दिवशी तुमचे बुडबुडे थांबले ते काम संपलं म्हणून नव्हे, गारठा पडला म्हणून. शिवाय गार झालेली हवा आकसते, त्यामुळे एअरलॉकमधलं पाणी उलटं आत ओढलं जातं आणि सगळं शांत दिसतं. घरी इडलीचं पीठ डिसेंबरात दोन दिवस वर येत नाही आणि मे महिन्यात तेच रात्रीतून ओट्यावर येतं. पीठ तेच, तांदूळ-डाळ तीच.

मग तुम्ही ही अर्धवट बिअर बाटलीत भरली आणि बावीस अंशांच्या कपाटात ठेवली. यीस्ट जागं झालं. किटमधली पाच औंस साखर १९ लिटरला साधारण अडीच व्हॉल्यूम, म्हणजे बिअरच्या अडीचपट आकारमानाचा, गॅस देते, पेल एलला ते योग्यच. पण ग्रॅव्हिटीचा प्रत्येक उरलेला पॉइंट, म्हणजे ०.००१, त्यात जवळजवळ अर्धा व्हॉल्यूम भर घालतो. १.०११ ला थांबायची बिअर तुम्ही १.०१६ ला भरली असेल तर वरचे अडीच व्हॉल्यूम झाले. एकूण पाच. साध्या बिअरच्या बाटलीसाठी हे फार झालं. तुम्ही शेवटची ग्रॅव्हिटी लिहिलेली नाही, त्यावरून मी समजतो की मोजलीच नाही. एअरलॉक हे मोजमाप नव्हे, ती फक्त गॅस बाहेर जायची खिडकी आहे. झाकण सैल असेल तर ऐन भरातही बुडबुडा येत नाही. दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोनदा हायड्रोमीटर लावा. आकडा हलला नाही आणि नमुन्याला सफरचंद येत नाही, तेव्हाच बाटल्या काढा.

उलट बाजूची चूकही सांगून ठेवतो, कारण जुलैत तुम्ही ती करालच. आंबताना यीस्ट स्वतः उष्णता सोडतं. खोली पंचवीस अंशांवर असेल तर फर्मेंटरच्या पोटात अठ्ठावीस-तीस सहज होतात. त्यातून पिकलेल्या केळ्याचा वास, त्याहून पुढे नेलपॉलिश काढायच्या द्रवाचा आणि घशात चटका देणारं जड अल्कोहोल. हे एकदा झालं की परत जात नाही. पहिले तीन दिवस सगळ्यात मोलाचे, तेवढे अठरा-वीसमध्ये ठेवा. मोठ्या टबात पाणी, त्यात फर्मेंटर, वर ओला टी-शर्ट आणि समोर पंखा. गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या टबात अदलाबदल करत राहा. फ्रीज-कंट्रोलर नंतर घ्या.

लोणी लागतं का, असं तुम्ही विचारलं नाही, पण नव्या माणसाला हमखास भेटणारा दोष तोच, म्हणून दोन शब्द. डायअसिटिलला पुस्तकं बटर म्हणतात. आपण घरचं लोणी डोळ्यांसमोर आणतो आणि फसतो. घरच्या ताज्या लोण्याशी त्याचं फारसं नातं नाही. तो वास थिएटरमधल्या बटर पॉपकॉर्नचा, आणि जिभेवर तेलकट गुळगुळीतपणा. गंमत अशी की यीस्ट थेट डायअसिटिल बाहेर टाकत नाही. त्याचा बिनवासाचा पूर्वज टाकतं, जो नंतर बिअरमध्ये हळूहळू डायअसिटिल होतो. म्हणून भरताना स्वच्छ लागलेली बिअर महिन्याने पॉपकॉर्न होते. हे आधी पकडायची युक्ती सोपी आहे. दोन बरण्यांत नमुना घ्या. एक झाकून साठ-सत्तर अंशांच्या पाण्यात वीस-तीस मिनिटं ठेवा, मग दोन्ही गार करून वास घ्या. गरम केलेल्यात पॉपकॉर्न आला तर यीस्टला आणखी दोन-तीन दिवस द्या, अठरा-वीस अंशांवर. माझी स्वतःची जीभ या बाबतीत बोथट आहे. माझ्या बिअरमधलं डायअसिटिल बायको पकडते, तीही पेला तोंडाला न लावता. प्रत्येकाला कुठला तरी एखादा वास कमी कळतो, तुमचा कुठला ते शोधून ठेवा.

हे शोधायला शब्द लागतात. मॉर्टेन माइलगार्ड नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात बिअरच्या चवींचं एक चक्र मांडलं, जगभरचे ब्रुअर आजही तेच वापरतात. चक्र उत्तम आहे, पण त्यातले शब्द दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरातले. मला ‘कॅप्रिलिक, गोटी’ वाचून काही कळत नव्हतं; बोकड म्हटल्यावर लगेच कळलं. म्हणून मी माझी यादी मराठीत केली. हायड्रोजन सल्फाइड म्हणजे पाणीपुरीच्या पाण्यातलं काळं मीठ (लागर, म्हणजे थंडीत आंबवायची बिअर, आंबताना येतं, बहुतेक वेळा आपोआप जातं, घाबरू नका). ब्युटिरिक आम्ल म्हणजे खवट तूप. जुन्या, उघड्या राहिलेल्या हॉप्सचं (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचं) आयसोव्हॅलेरिक म्हणजे पावसाळ्यात न वाळलेले मोजे. हवा लागून शिळी झालेली बिअर म्हणजे भिजलेलं पुठ्ठ्याचं खोकं. लोखंड उतरलं असेल तर बोट कापल्यावर चोखतो ती चव. असिटाल्डिहाइडला सफरचंद म्हणतातच, पण मला तो कच्चा लाल भोपळा चिरताना येतो तसा वाटतो.

आणि एका बाबतीत आपण खरंच पुढे आहोत. स्पर्धांमध्ये इथले निम्मे लोक कडू आणि तुरट यांत गोंधळतात, तुरट बिअरवर ‘फार कडू’ असा शेरा मारतात. आवळा, सुपारी, कच्चं केळं खाल्लेल्या माणसाला हा गोंधळ होत नाही. कडू जिभेला लागतं, तुरट गालांना ओढतं. फरक कळणं महत्त्वाचं, कारण इलाज वेगळे आहेत. कडू जास्त झालं तर हॉप्स कमी करा. तुरट झालं तर दाण्यांच्या सालींतून टॅनिन उतरलं आहे: दाण्यांतली साखर धुऊन काढायचं पाणी ७७ अंशांच्या वर गेलं, किंवा त्याचं पीएच सहाच्या पुढे गेलं. चहाची पत्ती उकळत ठेवली की होतं तेच. तुमच्या एक्स्ट्रॅक्टमध्ये दाणे धुवायचेच नसतात, फक्त किटमधली दाण्यांची पुरचुंडी असेल तर ती पाण्यात घालून उकळू नका, आधी काढा.

तशीच उकडलेल्या कणसाच्या वासाचीही तुम्हाला सध्या काळजी नको. तो डायमिथाइल सल्फाइडचा. फिक्या मॉल्टमधून तो येतो आणि उकळताना वाफेबरोबर जातो. एक्स्ट्रॅक्ट कारखान्यातच शिजून येतो, त्यामुळे हा दोष त्यात फारसा दिसत नाही. दाण्यांपासून करायला लागाल तेव्हा मात्र पातेल्यावर झाकण ठेवू नका. माझ्या पहिल्या पिल्सनरला (फिक्या लागरला) कणसाचा घमघमाट होता, कारण लहानपणापासून कानांवर एकच: झाकण ठेव, गॅस वाचतो. साठ ते नव्वद मिनिटं उघडं, खळखळून उकळायचं आणि नंतर झटपट गार करायचं.

उन्हाने बिघडलेली बिअर तर इथे राहणाऱ्याला शिकवावी लागत नाही. रात्री हायवेवर गाडीखाली आलेला स्कंक (घाण वास फवारणारा प्राणी) ज्याने एकदा हुंगला तो विसरत नाही. हॉप्समधल्या कडू द्रव्यांवर उजेड पडला की तसला वास तयार होतो, कडक उन्हात काही मिनिटांत. तपकिरी बाटली बरीच वाचवते, हिरवी आणि पांढरी जवळजवळ नाहीच.

नाक तयार करायचं असेल तर पैसे घालवून नमुन्यांचा संच घ्यायची गरज नाही. एकाच ब्रँडची हलकी लागर आणा. एक हिरव्या बाटलीतली दुपारभर गच्चीवर ठेवा. एकीचं झाकण क्षणभर उघडून पुन्हा लावा आणि महिनाभर गरम कपाटात विसरा, पुठ्ठा कळेल. बेकिंगच्या दुकानात मिळणाऱ्या बटर फ्लेवरचा एक थेंब एका पेल्यात टाका. लवंग आणि केळं ओळखायला चांगली हेफेवायझन (जर्मन गव्हाची बिअर) प्या, तिथे ते दोष नाहीत, तिचा दागिना आहेत. मग तीन पेले भरून घरच्या कुणाला तरी द्या, दोन सारखे आणि एक वेगळा, आणि काही न सांगता वेगळा ओळखायला लावा. स्वतःच्या बिअरबद्दल कुणाला विचारताना ‘डेटॉल येतोय का?’ असं विचारलंत की त्याला येणारच. ‘कसली आठवण होते?’ एवढंच विचारा.

एक कायद्याचं. अमेरिकेत १९७८ च्या केंद्रीय कायद्याने प्रौढ माणसाला घरी पिण्यापुरती वर्षाला १०० गॅलन बिअर करायची मुभा आहे, घरात दोन प्रौढ असतील तर २००, विकायची मात्र नाही. हे वाचून पुण्या-नाशिकच्या कुणी उत्साहाने फर्मेंटर आणू नये, महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याविना घरी बिअर करणं गुन्हा आहे. हेफेवायझन प्यायला शहरातल्या ब्रूपबमध्ये जा.

आता तुमच्या अठ्ठेचाळीस बाटल्या. असिटाल्डिहाइड एकटं असतं तर मी म्हटलं असतं, गॅस सोडून थोडे दिवस ऊबदार ठेवा, बाटलीतलं यीस्ट थोडंफार आवरेल. पण क्लोरोफिनॉलवर कुणाचाच इलाज नाही, यीस्टचाही नाही. ग्रॅव्हिटी मोजायला दोन बाटल्या ठेवा, बाकी पूर्ण गार झाल्यावर सिंकवर, हातमोजे घालून, ओपनरने झाकण हळूहळू उचलून ओतून द्या. ग्रॅव्हिटी १.००५ च्या खाली निघाली तर फर्मेंटर प्लॅस्टिकचा आहे असं धरून तो, नळ आणि नळी नवीन घ्या. ओरखड्यांत बसलेलं रानटी यीस्ट ब्रशने निघत नाही. ब्लीचने तर धुऊच नका, क्लोरीन तिथूनही येतं. आधी धुण्याचं औषध, मग आम्लाचं सॅनिटायझर, आणि नळ प्रत्येक वेळी उघडून.

पुढची खेप तोच किट, तेच यीस्ट. पाणी दुकानातलं आरओचं घ्या, एक्स्ट्रॅक्टमध्ये लागणारे क्षार आधीच असतात. पाणी आणायचा कंटाळा असेल तर पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची गोळी, जिला कॅम्पडेन म्हणतात, ती पाच गॅलनला पाव एवढी कुस्करून सगळ्या पाण्यात टाका, वरून घालायच्या पाण्यातसुद्धा, आणि ढवळा. काही मिनिटांत क्लोरामिन निकालात. फर्मेंटर गॅरेजमधून उचलून घरातल्या बाथरूममध्ये आणा. तीन आठवडे झाकण उघडू नका, मग दोन वेळा मोजा. दोन्ही आकडे आणि भरतानाच्या नमुन्याचा वास मला कळवा, या खेपेला ‘किंचित औषधी’ वाटलं तर भरायच्या आधीच.